टीव्हीचा तुलनात्मक तक्ता

४ जानेवारी
जुना टीव्ही काल गेला. चौदा वर्षं इमानेइतबारे चालला. मेकॅनिक म्हणाला, पार्ट मिळत नाहीत, नवीन घ्या. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, तोंड एवढंसं झालं. आई गेल्यापासून संध्याकाळी त्यांना सोबत अशी त्या टीव्हीचीच होती. मी म्हटलं, काळजी करू नका, आठवड्याच्या आत नवा आणतो. कंपनीच्या खरेदी विभागात एकोणीस वर्षं काढली आहेत. खिळ्यांपासून क्रेनपर्यंत सगळं घेतलंय. टीव्ही म्हणजे हातचा मळ.

ही म्हणाली, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊ आणि अर्ध्या तासात घेऊन येऊ. लोक फसतात ते असे.

५ जानेवारी
पद्धतशीर सुरुवात. घरात प्रत्येकाला मागणीपत्रक दिलं. लेखी गरज, सही, तारीख. मुलीने 'बाबा, प्लीज' एवढंच लिहिलं. हिने मागच्या कोऱ्या बाजूवर किराण्याची यादी केली. अण्णांनी मात्र चष्मा लावून नीट अक्षरात भरलं : 'बातम्या ऐकू याव्यात.' खाली सही.

भावना समजली, पण याला स्पेसिफिकेशन म्हणत नाहीत. इंच नाहीत, रिझोल्यूशन नाही. फाइलला लावून ठेवलं.

१२ जानेवारी
मी शब्द पाळला नाही असं हिचं म्हणणं. मी मुदतवाढ दिली आहे. दोन्हींत फरक असतो. तक्त्यात सध्या एकवीस मॉडेल, सत्तावीस रकाने. बजेट पक्कं. त्यावर रुपया जाणार नाही.

संकल्प : रविवारी ऑर्डर.

१८ जानेवारी, रविवार
ऑर्डर नाही. मोठ्या शोरूममध्ये गेलो होतो. कोटेशन मागितलं तर सेल्समनने चिठोऱ्यावर किंमत लिहून दिली. सीलबंद पाकिटात द्या म्हटल्यावर मॅनेजरला बोलावून आणलं. मॅनेजरने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बरं वाटत नाहीये का विचारलं. हा पुरवठादार बाद.

घरी आलो तर अण्णा नव्हते. खालच्या शिंप्याच्या दुकानात टीव्ही आहे, तिथे जाऊन बसतात म्हणे. तेवढेच पाय मोकळे होतात.

२ फेब्रुवारी
रकाने बत्तीस. पहिल्या पसंतीचं मॉडेल कंपनीने बंद केलं. घाई केली असती तर तेच गळ्यात पडलं असतं. ही काहीतरी पुटपुटली. मी विचारलं नाही.

शिंपी जिन्यात भेटला. म्हणाला, अण्णा मालिका बघता बघता शर्टांना बटणं लावून देतात, छान हात बसलाय. या वयात नवीन कला! मला अभिमान वाटला. मग वर येईपर्यंत कसंतरी वाटायला लागलं.

वार्षिक सेलपर्यंत थांबायचं ठरवलं.

१६ फेब्रुवारी
ताईचा फोन. तुझा टीव्ही येईपर्यंत अण्णांना माझ्याकडे पाठव म्हणाली. साफ नाही म्हटलं. वडिलांसाठी साधा टीव्ही घेता आला नाही, अशी बोलणी कोण खाईल? खरं सांगायचं तर अण्णा गेले तर घर खायला उठेल. पण हे ताईला सांगितलं नाही. अण्णांनाही नाही. अशी वाक्यं तोंडाने बोलायची आपल्याकडे सवय नाही.

संकल्प : सेलच्या पहिल्या तासात खरेदी. काय वाट्टेल ते होवो.

२७ फेब्रुवारी, सकाळी ९.४०
पहिला तास संपला. वेबसाइट उघडेना.

सकाळी ११.१५
सापडला! साऱ्या दुनियेची नजर चुकली, माझी नाही. पंचावन्न इंच, तोही बजेटच्या आत! प्रति इंच दर सगळ्यात कमी. नावापुढे 'कमर्शियल डिस्प्ले' लिहिलंय, म्हणजे घरगुतीपेक्षा दणकटच असणार. माल परत घेणार नाही, अशी अट होती. सगळं वाचलंय, मान्य आहे, या चौकटीत टिक केलं. ऑफिसात साहेबांना तक्ता दाखवला. म्हणाले, बघून घ्या. साहेब कशालाही तसंच म्हणतात.

४ मार्च
आला! भिंतभर! अण्णा स्वच्छ शर्ट घालून बसले होते.

संध्याकाळी ७.३०
चित्र लाजवाब. आवाज सेटिंगमध्ये कुठेतरी असेल.

रात्री ८.१०
सेटिंगमध्ये नाही. बसवणारा मेकॅनिक म्हणाला, साहेब, हा टीव्ही नाहीच. लिफ्टच्या बाहेर, दुकानांत जाहिराती दाखवायला लावतात ना, तो पडदा आहे. याला स्पीकर नसतात. सेट-टॉप बॉक्स जोडून चित्र तेवढं दिलं आणि गेला. जाताना जिन्यात हसत होता की खोकत होता, कळलं नाही.

तक्ता उघडून बघितला. बत्तीस रकाने. धूळरोधक क्षमतेचा आहे, स्टँडच्या पायांमधल्या अंतराचा आहे. आवाजाचा नाही. टीव्हीला आवाज असतो, हे काय कुणी लिहून ठेवतं?

९ मार्च
कंपनीला तक्रारीचं पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं. अटी आपण मान्य केल्या आहेत, सोबत मी टिक केलेल्या चौकटीची प्रत. माझ्या एकोणीस वर्षांत इतकं चोख उत्तर कुठल्या पुरवठादाराने दिलं नव्हतं.

अण्णांनी शिंप्याकडे जाणं बंद केलंय. माझं मन राखायला. संध्याकाळी पडद्यासमोर येऊन बसतात. बातमी सांगणारीचे ओठ हलतात, अण्णा मान डोलावतात. कसा आहे, म्हणून विचारलं. म्हणाले, चित्र फार सुरेख आहे रे, माणसांच्या दातांतली फट दिसते. थोड्या वेळाने म्हणाले, तू एवढी खटपट केलीस. मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि उगाच नळ सोडून उभा राहिलो. फार लाज वाटली.

बाहेरून स्पीकर जोडता येतो. ही म्हणाली, आत्ता जा आणि कुठलाही उचलून आण. पुन्हा तेच! एकदा हात पोळलेत, आता घाई नाही. नवा तक्ता काढला. यात आवाजाचे सहा रकाने आहेत.

२१ मार्च
स्पीकर : अकरा मॉडेल, निर्णय जवळ आलाय.

ताई न कळवता आली. पडद्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं आणि त्यांची बॅग भरायला घेतली. म्हटलं, फक्त आठवड्याचा प्रश्न आहे. ती म्हणाली, तुझा आठवडा जानेवारीपासून चालू आहे. अण्णा मध्ये पडले. चारच दिवस जाऊन येतो म्हणाले. बॅगेत कपडे, औषधं आणि वर आईचा फोटो. चार दिवसांसाठी फोटो कशाला, असं विचारणार होतो. विचारलं नाही.

२ एप्रिल
चार दिवस होऊन गेले. ताईकडे हवा चांगली आहे म्हणे.

११ एप्रिल
स्पीकर आला. निवड अचूक! बातम्या पार जिन्यापर्यंत ऐकू जातात. ही आणि मुलगी एकदमच म्हणाल्या, बारीक करा.

अण्णांना फोन लावला. आनंदाने सांगितलं की आवाज आलाय, घ्यायला कधी येऊ? म्हणाले, अरे वा, चांगलं झालं. मग म्हणाले, इथे बस्तान बसलंय आता, तू धावपळ करू नकोस. म्हटलं, मग मीच येतो भेटायला, आज संध्याकाळी. म्हणाले, संध्याकाळी नको रे, संध्याकाळी आम्ही सगळे टीव्ही बघत बसतो, बोलणं होत नाही. सकाळचा ये.

सकाळी मला ऑफिस असतं. बघतो म्हणालो.