लॉरीत ओतलेलं वंगण

रहिमतपूर, १९४६

चि. कृष्णातास आशीर्वाद.

तुझ्या लॉरीचं इंजिन ड्रायव्हर भूपालनं बिघडवलं, असं मी मागं कळवलं आणि त्याला काढून टाकलं. ते खोटं होतं. तेल कमी दिसलं म्हणून मीच बैलगाडीचं वंगण, राख कालवलेलं एरंडेल, आत ओतलं.

सांगलीचा मिस्त्री हसला, "आवं आबा, ही काय बैलगाडी हाय? आता इंजिन खोलून परत बांधायचं, का भंगारात घालायचं?"

भंगारात गेलं तर माझं पाप झाकलं जाईल, हेच आधी मनात आलं. पण लढाईतल्या तुझ्या कमाईची लॉरी ती. बांधा म्हणालो.

"मग भूपालला जोडीला द्या. हे इंजिन त्याच्याएवढं कुणाला ठावं न्हाई."

दोनदा भूपालच्या दारावरून परत आलो. त्याला खरं सांगेपर्यंत हे पत्र टाकवत नाही.

तुझा बाप,
नाथाजी