विमान पडले त्या जागेची जबानी

६ एप्रिल, रविवार

मी, सखाराम वल्द नथ्थूजी शेंडे, वय वर्षे चौऱ्याऐंशी, जात फुलमाळी, धंदा बागाईत, शिक्षण मराठी चौथी उत्तीर्ण, राहणार मौजे करंजवाडी, मंडल बोथ, जिल्हा आदिलाबाद, पूर्ण शुद्धीत असताना लिहितो की, आज दुपारी हैदराबादहून हवाई दलाचे एक निवृत्त अधिकारी श्री. रेड्डी साहेब (पुढे रे. सा.) आमच्या गावी आले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निजामाच्या मुलखात जी लष्करी विमाने पडली, त्यांच्या जागा ते शोधतात. काही विमाने माल पोचवताना पडली, काही शिकाऊ वैमानिकांच्या हातून पडली. रे. सा. म्हणाले, लढाई न पाहताच गेलेली मुले पुष्कळ होती. आमच्या शिवारात पडलेले विमान शिकाऊ होते व आत दोघे होते, एवढे त्यांच्या कागदात आहे. जागा मात्र लिहिलेली नाही.

ग्रामपंचायतीपुढे लोक जमले. दौलतराव ढवळे सर्वांच्या आधी उठले. "साहेब, म्या सोताच्या डोयानं पाह्यलं. तलावात पडलं. असा धूर निंगे!"

दौलतराव माझ्याहून पाच वर्षांनी लहान आहेत. विमान पडले तेव्हा मी दोन वर्षांचा होतो.

मला विचारले असता मी उत्तर दिले : "मी पाहिले नाही. माझ्या वडिलांनी पाहिले. त्यांनी दाखविलेली जागा मी जाणतो. ती तलावात नाही, खडकीच्या उतारावर आहे."

दौलतराव म्हणाले, "याच्या बापानं तं समदंच पाह्यलं ना! अंगठी बी पाह्यली!"

लोक हसले. मी घरी आलो.

७ एप्रिल, सोमवार

रात्री झोप नाही. अंगठीचा विषय येथे एकदाच लिहून ठेवतो.

वडील त्या दिवशी मोहफुले वेचावयास उतारावर गेले होते. विमान सागवानात शिरून पडले. आत एक गोरा तरुण मृत होता. वडिलांनी आपले धोतर सोडून त्याच्यावर पांघरले आणि बोथच्या चौकीवर निरोप धाडला. पोलीस व लष्कराची गाडी येईपर्यंत तीन दिवस, तीन रात्री ते तेथे बसून राहिले, कारण कोल्हे होते. गाडी प्रेत घेऊन गेली.

पुढे दोन वर्षांनी आम्ही विहीर खोदली. आईच्या पाटल्या गेल्या तेव्हा विहीर झाली. पण दौलतरावांच्या आजोबांनी चावडीवर उठविले की, माळ्याने मेलेल्याच्या बोटातील सोन्याची अंगठी काढली व त्यावर विहीर बांधली. तेव्हापासून आमच्या वांग्यांनाही लोक 'अंगठीची वांगी' म्हणत. वडील वारले तोपर्यंत म्हणत होते.

वडिलांनी कधी कोणाशी भांडण केले नाही. मला मात्र एवढे सांगून गेले की, सख्या, बोटात अंगठी होती, म्या पाह्यली, पण म्या तिले हात लावला नाही.

जागा खोटी ठरली तर वडीलही खोटे ठरतील. यावेळी मी ते होऊ देणार नाही.

९ एप्रिल, बुधवार

रे. सा. यांनी धातू शोधण्याचे यंत्र आणले आहे. काठीसारखे आहे, खाली थाळी. प्रथम दौलतरावांच्या म्हणण्याप्रमाणे तलावाच्या कोरड्या पात्रात दिवसभर फिरविले. नांगराचा एक फाळ व डब्याचे एक झाकण मिळाले. दौलतराव म्हणाले, गाळ लई चढला.

सायंकाळी गावातून परतताना यंत्र जागोजागी ओरडू लागले. ढवळ्यांच्या गोठ्यापाशी ओरडले, कोंबड्यांच्या खुराड्यावर ओरडले, ज्वारीच्या कणगीच्या झाकणावर तर थांबेचना. सर्व पत्रा विमानाचा! लोकांनी त्या काळी उचलून आणला होता. रे. सा. पोट धरून हसले. "ताता, आधा जहाज तो गाँव में ही है!" (ताता म्हणजे तेलुगूत आजोबा. मला त्यांनी असे म्हणावे यास माझी हरकत नाही.)

नंतर माझ्या घरी फिरविले. दारापासून परसापर्यंत. विमानाचा एकही तुकडा निघाला नाही. यंत्र ओरडले ते फक्त विळ्यावर व घरच्या भांड्यांवर.

वडिलांनी तेथील एक खिळाही आणू दिला नव्हता.

सून कमल म्हणाली, "मामंजी, आता तरी दोन घास जास्त खा." खाल्ले.

१२ एप्रिल, शनिवार

आज उतारावर गेलो. कमल हात धरून होती. मी दोनदा तिचा हात सोडला, चढणीवर पुन्हा धरला.

रे. सा. जागेवरून सरळ पुढे निघाले. म्हणाले, येथे कुंभाराची भट्टी असावी, खापऱ्याच खापऱ्या आहेत. गावातही सर्व जण असेच समजतात. मी म्हणालो, "साहेब, थांबा. ही भट्टी नाही. हे माझ्या घरचे आहे."

मग सांगितले. आम्ही अखजीला (अक्षय तृतीयेला) पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतो. त्याच पहिल्या वर्षी वडिलांनी एक घागर जास्त आणली. आईने विचारले, "ही कोणाची?" वडील म्हणाले, "त्या पोराची. त्याच्या मायले का मालूम, थो कोठं पडला हाय. उन्हाया हाय, पाणी कोण पाजंल त्याले?" नाव ठाऊक नाही, गोत्र ठाऊक नाही, म्हणून घरातील पितरांच्या ओळीत ती ठेवता येईना. तेव्हा भरलेली घागर डोक्यावर घेऊन येथे आले व ठेवून गेले. ती परत न्यायची नाही, हा त्यांचा नियम. त्यांच्या मागे मी. माझे गुडघे गेल्यावर कमल. एकही अखजी चुकली नाही. रझाकारांच्या धामधुमीतही वडील पहाटे येऊन ठेवून गेले.

त्या सर्व घागरींच्या या खापऱ्या.

रे. सा. यांनी पायांतील बूट काढून ठेवले. मग खापऱ्यांच्या कडेने यंत्र फिरविले.

ओरडले! असे ओरडले की रानातले मोर उडाले.

१३ एप्रिल, रविवार

गुडघाभर खापऱ्या बाजूला करून खणले. वितळलेली काच. इंजिनाचा काळा तुकडा, दोन माणसांना उचलेना. तळहाताएवढी पितळी पट्टी, तिच्यावर आकडे. रे. सा. यांनी पट्टी धोतराने पुसली (माझ्या), कागद काढला, एकेक आकडा बोटाने जुळविला. शेवटचा आकडा जुळला तेव्हा ताठ उभे राहून त्यांनी मला सलाम केला.

मीही केला. कसा करतात ते ठाऊक नाही, तरी केला.

१७ एप्रिल, गुरुवार

जागा सिद्ध झाली. अंगठी राहिली.

रे. सा. यांच्या कागदांत एक जुनी उर्दू पानाची प्रत होती. त्यांना उर्दू येत नाही, म्हणून ती तशीच पडून होती. मी सुचविले की बोथला कादर मास्तर आहेत, उर्दू शाळेवर होते. आज ते आले. माझ्या ओसरीवर बसले. मागे मागे दौलतराव व निम्मे गाव.

मास्तरांनी चष्मा लावून वाचले. निजामाच्या पोलिसांच्या अमिनाने (फौजदाराने) केलेला पंचनामा! त्यात माझ्या वडिलांची जबानी. जेवढे कानात राहिले तेवढे लिहितो : "नाम नथ्थू वल्द बालाजी, कौम माळी, पेशा बागवानी. बयान करता हूँ कि लाश पर मैंने अपनी धोती डाली। तीन रोज़ पहरा दिया।" आणि खाली अमिनाची नोंद : "बाएँ हाथ की उंगली में सोने की अंगूठी मौजूद। जेब में घड़ी मौजूद। नथ्थू ने किसी चीज़ को हाथ नहीं लगाया।" खाली अंगठा.

मास्तर थांबले. मी म्हणालो, "पुन्हा वाचा." त्यांनी वाचले. मी म्हणालो, "मोठ्याने." वाचले. तिसऱ्यांदा मी काही म्हणालो नाही, तरी त्यांनी आपणहून वाचले.

त्यावर रे. सा. म्हणाले, त्या वैमानिकाच्या कुटुंबाचे पत्र त्यांच्याजवळ आहे. अंगठी घरी पोचली होती. आज त्याची पुतणी ती वापरते.

कोणी हसले नाही. गावातील एक म्हातारी म्हणाली, "नथ्थू भाऊच्या नावानं आमी काय काय बोललो रे बाप्पा!" दौलतराव कधी उठून गेले ते समजले नाही.

मी अंगठ्याच्या ठशावर माझा अंगठा ठेवून पाहिला. वडिलांचा मोठा होता.

२४ एप्रिल, गुरुवार

रे. सा. पुन्हा आले. पंचनाम्यात प्रेत एकच आहे, आणि विमानात तर दोघे होते. दुसरा हवाई छत्री (पॅराशूट) बांधून उडी टाकून उतरला असावा. तो कोठेही सापडला नाही. लष्कराच्या कागदात त्याच्यापुढे 'बेपत्ता' असे आहे. त्यांनी पंचायतीपुढे सर्वांना विचारले, "त्या काळात कोणाच्या घरी छत्रीचे पांढरे रेशीम पाहिल्याचे कोणी ऐकले आहे काय?"

मी ऐकले आहे. माझी आई सांगे की, ढवळ्यांच्या लेकीच्या लग्नात अशी एक पांढरी रेशमी चोळी होती की आदिलाबादच्या कोणत्याही दुकानात तसले कापड मिळत नव्हते.

दौलतराव समोर बसले होते. ते खाली पाहत होते. सारे माझ्याकडे पाहत होते. एका शब्दाचे काम होते. ज्या चावडीवर त्यांच्या आजोबांनी माझ्या वडिलांना चोर केले, तिचीच आता ही पंचायत झाली आहे.

मी उठून म्हणालो, "मी पाहिले नाही. जे पाहिले नाही ते मी सांगत नाही."

घरी येताना पाय हलके होते. माझ्या वडिलांना जे केले गेले, ते मी कोणाच्या वडिलांना केले नाही. आज मी जिंकलो असे मी समजतो.

३० एप्रिल, बुधवार. अखजी.

कमल घागर घेऊन निघाली, तो मागे बायकांची रांग! प्रत्येकीच्या डोक्यावर घागर. कोणी बोलाविले नव्हते. मोजण्याचा मोह आवरला. उतारावर जागा पुरेना. कादर मास्तरही आले, हातात पाण्याची सुरई. रे. सा. यांनी त्या वैमानिकाचे नाव उच्चारून पाणी घातले. इतकी वर्षे आम्ही बिननावाचे घालीत होतो.

मी वडिलांच्या नावाने घरी आमरस, कुरडया, वडे केले (केले कमलने). आज त्यांना पोटभर गेले असेल.

ढवळ्यांच्या घरून कोणी आले नाही.

१ मे, गुरुवार

सकाळी वांग्यांना पाणी देत होतो. दौलतराव बांधावर येऊन उभे.

"दादा, पाणी देऊन राह्यले का?"

"दिसते ते खरे आहे."

"त्या दिसी तुमी बोलले काऊन नाही?"

"मी पाहिले नव्हते."

ते खाली बसले. म्हणाले, "आमच्या वरच्या वावरात, आंब्याच्या बाजूनं, खाटेयेवढी जागा हाय. आज्यानं थे कधी वाहू देल्ली नाही, नांगर बी लावू देल्ला नाही. बापानं बी नाही. म्या विचारलं तं बाप म्हने, थे वाहाची नाही, बस. म्या बी वाह्यली नाही."

"काय आहे तेथे?"

"मले का मालूम? भेव वाटते. आज्या निजामाच्या पोलिसाले भेत होता. गोरा वावरात मेला म्हनून घरदार बांधून नेतीन, असं वाटलं असंल... का दुसरंच काई असंल. दादा, तुमी साहेबाले फोन लावा. मायानं होत नाही."

मी फोन लावला. पण आधी त्यांना चहा दिला. ऐंशी वर्षांत ढवळ्यांचा माणूस आमच्या मळ्यात प्रथमच चहा प्याला.

३ मे, शनिवार

रे. सा. यांनी तहसीलदारांची परवानगी आणली. सकाळी सात वाजता ढवळ्यांच्या वरच्या वावरात आलो. चहूकडे कापसाच्या पऱ्हाट्या काढून नांगरलेले. मध्ये आंब्याजवळ खाटेएवढे कुंदा गवत, कधी न मोडलेले. यंत्र फिरविले. एकदाच ओरडले, अगदी हळू.

तेथे तो तरुण आहे, की कोणी चोरून पुरलेले काही, की नुसती भीती, हे मला ठाऊक नाही. तो पडतानाच गेला होता, की जिवंत उतरला होता, हेही ठाऊक नाही. दौलतरावांनी कुदळ हातात घेतली. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "जे निघेल ते निघेल. जसे निघेल तसे लिहू."

पहिली कुदळ मारण्यापूर्वी, आंब्याखाली बसून, हे लिहिले. हजर इसम : रेड्डी साहेब, हैदराबाद, मंडल कचेरीचे गिरदावर (महसूल निरीक्षक), कादर मास्तर, बोथ, माझी सून सौ. कमल, दौलतराव ढवळे, वावराचे मालक, कुदळ त्यांच्याच हातात, आणि मी, सखाराम वल्द नथ्थूजी.