संध्याकाळी सहाचा थेंब

५ मार्च, बुधवार
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मास्तर, आता काचबिंदूला आधी लेसरचे किरण देतात. थेंब नंतर. शस्त्रक्रिया अगदी शेवटी."
जग उलटंच झालं! बाबांच्या वेळी आधी झाडाच्या मुळ्यांचा रस, मग सुरी — तीही फार उशिरा. त्यांची शेवटची दहा वर्षं आंधळेपणी, कोकोच्या मळ्यात काठी टेकत गेली. माझ्या वाट्याला थेंब आले. डावा डोळा गेला. उजवा एकोणीस वर्षं थेंबांवरच तगलाय. किरण? भीती वाटते.

६ मार्च
माझे हात थरथरतात. म्हणून बायको, अकोसुआ, गेल्यापासून, सहा वर्षं, शेजारची न्तिरिवा थेंब घालते. तीही एकटी, विधवा. चौकात केंके, मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे उकडलेले गोळे, विकते; टोपली रिकामी झाली की सहाला हजर. "मान वर. हलू नका!" या औषधाने पापण्या लांब झाल्यात. "पुरुषाला कशाला हव्यात एवढ्या?" — रोज ऐकवते.
किरणांचं सांगितलं. म्हणाली, "बाबांचं बाबांबरोबर गेलं. मी येते सोबत."

१२ मार्च
झालं. पाच मिनिटं! हिरवे लखलखाट, दुखणं नाही. न्तिरिवा बाहेर बाकावर इतक्या मोठ्याने प्रार्थना करत होती की नर्सने दोनदा गप्प केलं. तूर्त थेंब चालूच.

३० एप्रिल, बुधवार
एकटाच गेलो. डोळ्यातला दाब चौदावर उतरला! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थेंब बंद. गेलेली नजर येणार नाही, आहे ती जपू. चार महिन्यांनी तपासणी — चुकवायची नाही हं."
परतताना ट्रोट्रोत, त्या खचाखच भरलेल्या मिनीबसमध्ये, अनोळखी बाईलाही सांगितलं. घरी आलो. सहाला न्तिरिवा आली, बाटली उचलली. मी मुकाट मान वर केली.
लबाड म्हातारा! पण थेंब नाहीत म्हटल्यावर सहाला कोण येणार?

१ मे
सहा. मान वर. थेंब झोंबलासुद्धा नाही. आजही सांगितलं नाही.

२ मे
तेच.

३ मे
राहवेना. "न्तिरिवा, थेंब बुधवारीच बंद झालेत."
"ठाऊक आहे. नर्स माझी भाची. तीन दिवस मी झाकणच काढलं नाही. कळलं नाही तुम्हाला?"
"मला वाटलं, डोळा बधिर झाला!"
हसता हसता तिच्याच डोळ्यांना पाणी. बराच वेळ ती उठली नाही.

१८ मे, रविवार
आज चर्चमध्ये पास्टरांनी माझं आणि न्तिरिवाचं नाव वाचलं. विचारलं, या लग्नाला कुणाची हरकत?
कुणाचीच नाही.