दुभाष्यासाठी एकी

तीर्थस्वरूप दादा,

धाकट्याचा नमस्कार. आपली प्रकृती उत्तम असेल आणि रक्तदाब आमच्या आठवणीनेही वाढत नसेल, अशी आशा करतो. (चुलत असलो तरी काळजी सख्खी आहे.) दोन गल्ल्यांचं अंतर, तरी पत्र लिहावं लागतं. असो.

हकीकत अशी, की आमच्या सासूबाईंची दाढ ठणकत होती. इस्पितळात आपली भाषा कळणारं कुणी नाही. त्या गाल धरून बसल्या, तर कानात औषध घालून घरी पाठवलं. (कान आता उत्तम आहे.) पुढे ताप चढला, सुजून डोळा मिटला, तेव्हा मात्र आमचं धाबं दणाणलं. त्या जेमतेम वाचल्या. मी दुभाषी मागायला गेलो, तर इस्पितळाचे साहेब गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही लोक मूठभर." बाहेर बाकावर डोंगराकडच्या लोकांतला न्हावी आणि बेटावरच्यांपैकी एक शिंपीण बसलेली. दोघांनाही हेच उत्तर मिळालेलं. शिंपीण म्हणाली, "तीन मुठी एकत्र केल्या तर ओंजळ तरी भरेल."

न्हाव्याच्या दुकानात बैठक भरली. कोणत्या भाषेत बोलायचं यावरच जुंपली. दुकान त्याचं म्हणून त्याची, माणसं जास्त म्हणून आपली, आणि शिंपीण म्हणे, माझी का नाही? शेवटी साहेबांची भाषा ठरली. ती सगळ्यांनाच सारखी मोडकीतोडकी येते, त्यामुळे कुणाचं नाक कापलं गेलं नाही. (आपण डोंगराकडच्यांना चिक्कू म्हणतो ना? ते आपल्याला तेच म्हणतात.) मग सगळे मिळून गेलो. व्हरांडा भरला, जिना भरला. साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "एवढे कधी झालात?" तिन्ही भाषा जाणणारी बाई आता तिथे रोज बसते. पहिल्या दिवशी सासूबाई तिच्याशी तासभर बोलल्या, आजार काहीच नसताना.

आता नगरपालिकेला तिन्ही समाजांतर्फे शिंपीणबाई उभ्या आहेत.

घरच्या सर्वांना यथायोग्य.

आपला,
धाकटा

ता. क. : आपल्याच समाजाच्या, आमच्याशी फटकून असलेल्या दुसऱ्या मंडळातर्फे आपणही उभे आहात, असं ऐकलं. परक्यांशी जमलं, घोडं घरातच अडलंय. कृपया अर्ज मागे घ्यावा.

आणखी एक : शिंपीणबाईंच्या पाठिंब्याच्या पत्रकावर पहिली सही वहिनींची आहे. आपल्याला सांगू नये, असं त्यांनी बजावलंय.