भिंतीला काही झालेलं नाही

२२ जून २०२५, रविवार
अवंतिकाच्या खोलीत भिंतीवर काळे ठिपके. स्केचपेनचे असणार. सहा वर्षांची पोरगी, भिंत रंगवणारच. संयोगिता म्हणते, बुरशी. कसबा बावड्यात माझं रंगाचं दुकान, अठरा वर्षं भिंतीच बघतोय, आणि बायको मला भिंती शिकवणार! फडक्यानं पुसले. विषय संपला.

२९ जून
ठिपके परत. जास्त. पुढच्या रविवारी नक्की बघायचं.

१३ जुलै
रविवार. मटण झालं, डोळा लागला, भिंत राहिली. अवंतिका खोकते. आईस्क्रीम बंद.

१७ जुलै
आईस्क्रीम बंद, खोकला चालूच. जेवताना म्हणालो, साखर कारखान्याची काजळी. माझे वडील, तात्या, तिथूनच रिटायर झालेत. घास खाली ठेवून म्हणाले, "चिमणी दसऱ्यानंतर पेटती. जुलैत काजळी कुठनं येणार?" वय झालं की माणूस वाद घालतो.

२० जुलै
आकारामला बोलावलं. माझा जुना पेंटर. त्यानं भिंतीवर हात फिरवून बोटं हुंगली. म्हणाला, बाहेरचा पाइप गळतोय, आधी तो करा, मग भिंत खरवडून वाळू द्या. म्हणजे दिवाळी उजाडणार! 'ओलीला कायमचा रामराम' असा बोर्ड दुकानावर मीच लावलाय. गिऱ्हाइकांनी तोंडावर हसायचं का? स्वतः रोलर घेतला. थेट वरून दोन हात, लव्हेंडर. आकाराम चहा न पिता गेला.

२२ जुलै
भिंत झकास. फोटो स्टेटसला टाकला. रंग बसावा म्हणून खिडक्या बंद. बाहेर पावसाची उघडीप नाही, म्हणून धुणंही त्याच खोलीत दोरीवर. अवंतिका खूश. तिथेच झोपते.

३० जुलै
रंगाला फोड आलेत. कपाट सरकवून भिंतीला लावलं. आता काही दिसत नाही. अवंतिका झोपेत बारीक शिट्टी वाजवते. मला गंमत वाटली. संयोगिता म्हणाली, "ती शिट्टी छातीतनं येतीया." तिला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतंच.

५ ऑगस्ट
संयोगिता लेकीला माहेरी, आजऱ्याला न्यायचं म्हणते. शाळा बुडेल म्हणून नको म्हणालो. खरं तर गल्लीतले विचारणार, का नेलं? काय सांगायचं?

११ ऑगस्ट, दुपार
शाळेतून फोन आला. अवंतिकाला श्वास घेता येईना. दवाखान्यात आणलंय, तोंडाला मास्क. प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. मला बघवत नाही. डॉक्टरांनी विचारलं, घरात ओल, बुरशी? मी म्हणालो, छे, माझं रंगाचंच दुकान आहे. संयोगितानं माझ्याकडे बघितलं. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं.

११ ऑगस्ट, संध्याकाळ
पोरीचे कपडे आणायला घरी गेलो. कपाट उघडलं आणि वासानं मलाच ठसका लागला. पाठीमागची फळी काळी. स्वेटर, फ्रॉक, घड्या घातलेले युनिफॉर्म, सगळ्यांवर ठिपके. वाढदिवसाचा फ्रॉक अजून पिशवीतून काढलाही नव्हता, त्यावरसुद्धा. न्यायला एक कपडा निघाला नाही.
रिकाम्या हातानं परत आलो. डॉक्टरांना सांगितलं, दुपारी खोटं बोललो. कधीपासून आहे, त्यांनी विचारलं. जून. ते केसपेपरवर लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "आणि तुम्हाला माहीत होतं?"
संयोगिता शेजारीच उभी होती. मी हो म्हणालो. त्यांनी तेही लिहिलं.