नर्जिस पान्हा चोरते

अबू रहीम, माझ्या बायकोच्या थोरल्या भावा,

सलाम. तुझी कंबर, तुझी मुलं आणि बसऱ्यातल्या तुझ्या घरचा तो गोड पाण्याचा नळ, सगळे खुशाल असोत. (नळावर माझा राग नाही.) इकडेही सगळं ठीक आहे असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहू? जिवाला घोर लागलाय.

सबीहाने तुला सांगितलंच असेल. दलदलीचं पाणी खारट झालं, म्हैस विकून शहरात जाऊ, असं ती म्हणाली. मी म्हणालो, जा तू, मी आणि म्हैस बघून घेऊ. तर ती खरंच तुझ्याकडे यायला नावेत बसली! त्या संध्याकाळी आमची म्हैस नर्जिस नेहमीसारखी पोहत आमच्या बेटावर आली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पान्हा चोरला. सबीहाचा हात आणि सबीहाचं गाणं, याशिवाय ती दूध सोडत नाही हे मला ठाऊक होतं. पण इतका हट्ट? कास दगडासारखी झाली. ती आटली तर साय नाही, साय नाही तर बाजार नाही, आणि मग म्हैस विकावीच लागेल. म्हणजे सबीहाचंच खरं. माझी झोप उडाली.

शेवटी अशा वेळी आमच्याकडचे पुरुष जे करतात तेच केलं. सबीहाचा काळा अबाया अंगावर घेतला, त्याची कड मिशांवर ओढली आणि गायला बसलो. (गाणं अर्धंच येतं. उरलेल्या जागी माशांची नावं घातली.) नर्जिसने बाही हुंगली, सुस्कारा टाकला आणि धार सुटली! तेवढ्यात मागून शेजारच्या चासिबची नाव आली. “वहिनी, कधी आलात? बरं झालं बाई! तुमचा दादला पार वाळलाय हो, दिवसभर वाटेकडे डोळे लावून बसतो!” आता मागे कसं वळणार? म्हशीआड तोंड लपवून मान हलवली. त्या शहाण्याने घरोघर नाव फिरवली, आणि अंधार पडायच्या आत साऱ्या बायका तांदळाच्या भाकऱ्या घेऊन सबीहाला भेटायला हजर. मला मिशा दाखवाव्या लागल्या. आता येता-जाता जो तो मलाच वहिनी म्हणतो.

तर सबीहाला एवढंच सांग, की म्हशीचे फार हाल आहेत. माझं काही नाही.

तुझा मेहुणा,
मिझअल

ता. क. नर्जिस परवापासून माझ्या साध्या झग्यालाही भांडं भरून दूध देते. हे सबीहाला वाचून दाखवू नकोस.

आणखी एक. अबाया अजून धुतलेला नाही. धुतला तर तिचा वास जाईल. हे मात्र वाचून दाखव.