आईच्या खांद्यावरचा हात

बरकतपुरा, हैदराबाद
४ मार्च २०००

प्रिय आदर्श,

प्रिय लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, त्यावर जाऊ नको. फोटो पाठवला का, फोटो पाठवला का म्हणून तू रोज दुकानात फोन करून ओरडतोस. तिकडं अमेरिकेत तुझ्याकडं वेळ असेल, इथं माझं गिऱ्हाईक उभं असतं. म्हणून एकदाच लिहितो. मराठी वाचायला आता जड जात असेल तरी दुसऱ्याकडून वाचून घेऊ नको. तुझीच लाज जाईल.

जाताना तू स्टुडिओत कॉम्प्युटर बसवलास. देश खुला झाला बाबा, डार्करूमचा जमाना गेला, असं म्हणून माझा एन्लार्जर माळ्यावर टाकायला लावलास. तो एन्लार्जर एक दिवस अडला नव्हता. हे तुझं मशीन फोटोतले डाग काढतं, काळ्याला गोरा करतं, लुंगीवाल्याच्या अंगात कोट घालतं. पण झालेला फोटो बाहेर काढायला सेव्ह मारलं की मेलं. पडद्यावर ते रेतीचं घड्याळ तेवढं फिरतं. माउस हलत नाही, बटण चालत नाही. मग वायर उपटायची आणि सगळं पहिल्यापासून. पासपोर्टचे बारके फोटो निघायचे. अडायचा तो मोठा, तू सांगितलेला.

निशिगंधाच्या साखरपुड्यातला घरच्यांचा फोटो. त्यातून रेणूला काढा, तिच्या जागी मागचा पडदा ओढा, असा तुझा हुकूम. व्हिसाच्या कागदापुरतं आहे, एकट्या माणसाचं काम तिकडं लवकर होतं, रेणूला सांगू नका, तिला समजणार नाही. मी सातवी शिकलेला. अमेरिकेचे कायदे मला काय ठाऊक? बायकोला लवकर न्यायचं म्हणून पोरगा खटपट करतोय असं वाटलं. बसलो मशीनपुढं.

तो फोटो मीच काढलेला, म्हणून त्यात मी नाही, पण त्यात काय चाललं होतं ते माझ्याइतकं कुणी बघितलं नाही. तुझ्या आईला तेव्हा बसवत नव्हतं. तरी लेकीच्या साखरपुड्यात मी खुर्चीतच बसणार म्हणाली. रेणू मागं उभी राहिली आणि हात आईच्या खांद्यावर ठेवला. बघणाऱ्याला वाटतं सून मायेनं उभी आहे. ती तिला धरून होती. सोडलं असतं तर आई पुढं कोसळली असती. तू शेजारी टाय सारखा करत होतास.

मशीनसाठी मी काय काय नाही केलं. आतली धूळ काढली. स्टॅबिलायझर नवा आणला. तू ठेवलेली ती सीडी घालून सगळं परत भरलं. तेच. त्या दिवशी रेणूचं तोंड झालं होतं, साडी झाली होती, हात तेवढा राहिला होता. तो अवघड होता, त्याच्याखाली आईचा खांदा नव्यानं करावा लागत होता. आधी एवढं तरी ठेवू म्हणून सेव्ह मारलं आणि अडकलं. पडद्यावर नुसता पडदा, आणि आईच्या खांद्यावर एकटा हात. तेवढ्यात रेणू माझा डबा घेऊन आली. मी पुढं उभा राहिलो, पण ते टीव्हीएवढं धूड झाकतंय कुठं? हातातल्या बांगड्या तिनं ओळखल्या. म्हणाली, मामा, माझं तोंड पुसायला एवढं महागाचं मशीन कशाला, मी फरशीचं फडकं दिलं असतं. मी व्हिसाचं सांगितलं. तर म्हणाली, व्हिसाला आत्याबाईंचा फोटो लागतो होय? आणि हातपण काढा आता, मग बघू आत्याबाईंना कोण धरतंय. डबा ठेवला आणि गेली.

तरी तुझ्यावर भरवसा. शेवटी कोठी बाजारातून मशीन दुरुस्त करणाऱ्या यादगिरीला बोलावलं. त्यानं बघितलं आणि हसायला लागला. चाचा, डिस्क ठसाठस भरेली है, बेचारे को सांस लेने को जगा नक्को? तुझी गाणी, तुझे गेम, तुझे सिनेमे. सगळा तुझाच पसारा. पुसला. आता मशीन घोड्यासारखं पळतं, तेव्हा त्याच्या नावानं ओरडू नको. मग सगळं पहिल्यापासून करून मी तो हातही काढला. सेव्ह झालं, प्रिंट निघाला. बघतो तर तुझी आई एका अंगाला कलंडलेली, बिनआधाराची, आणि तू तिच्याशेजारी टाय धरून हसतोयस.

तो प्रिंट हातात होता तोवर फोन वाजला. नांदेडहून हिम्मतराव म्हणून कुणी. मला एकदम व्याही म्हणाला. फोटो अजून आला नाही म्हणून त्यानंच तुझ्याकडून नंबर घेतलेला. मुलगा पसंत आहे म्हणाला, पत्रिका जुळली, मे महिन्यात बार उडवू, तेवढी घरची माणसं एकदा फोटोत दिसली की आमच्या ज्योतीची आई निर्धास्त होईल. सरळ माणूस वाटला. मी हो हो म्हटलं आणि पत्ता उतरवून घेतला. बापालाच हौला, येडा समजलास, आदर्श. घरात सून भाकरी थापतेय आणि मी दुकानात बसून तिला खोडतोय.

तुझं मशीन मी बंद केलं. एन्लार्जर माळ्यावरून उतरवला, जुनी निगेटिव्ह शोधली आणि मोठा प्रिंट काढला, सगळ्यांसकट. रेणूला सगळं सांगितलं. वाटलं रडेल. तिनं विचारलं, त्या पोरीचं नाव काय? ज्योती, म्हटलं. मग जल्दी टाका, म्हणाली. फोटोच्या मागं मी नावं लिहिली आहेत. भामा, मुलाची आई. आदर्श, मुलगा. रेणू, आदर्शची बायको. काल रजिस्टर पोस्टानं नांदेडला गेला, हे पत्र तुला मिळेपर्यंत तो तिथं सगळ्यांनी बघितलेला असेल. आता हिम्मतरावाचा फोन तुलाच येईल, दुकानात करून उपयोग नाही. नांदेडच्या पाकिटावरचा पत्ता रेणूनं लिहिला. माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही.

तुझाच, कारण बाप बदलून मिळत नाही,
उत्तमराव